जुने पुष्पक, नवशिका वैमानिक

रामायणातले पुष्पक विमान सेकंडहँड होते, ही गोष्ट आपल्या कीर्तनकारांनी कधी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. ते मूळचे कुबेराचे. रावणाने ते त्याच्याकडून हिसकावून नेले. पुढे लंका जिंकल्यावर प्रभू रामचंद्र त्याच विमानातून अयोध्येला परतले आणि काम झाल्यावर त्यांनी ते मूळ मालकाकडे परत पाठवून दिले. म्हणजे चांगले तीन हात फिरलेले विमान! एवढ्या प्रवासात त्याला तेल कोणी घातले, लंकेतल्या खाऱ्या हवेने त्याचे सांधे गंजले की नाही, याविषयी वाल्मीकींनी चकार शब्द काढलेला नाही. माझ्या मामांना याची फार रुखरुख होती. "सगळे बसणाऱ्यांचे कौतुक," ते म्हणत, "पुसणाऱ्याचे नाव कुठे आहे?"

मामा वायुदलात विमानांची देखभाल करणारे फिटर होते. निवृत्त झाल्यावर परीक्षा देऊन त्यांनी मुलकी विमाने तपासून सही करण्याचे लायसन मिळवले आणि ते औरंगाबादच्या छावणीत येऊन राहिले. आता शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण शहराच्या पश्चिमेला खाम नदीपलीकडची आमची छावणी ती छावणीच. रुंद रस्ते, जुनी झाडे, पहाटेचे लष्करी बिगूल आणि दर गुरुवारी भरणारा बाजार. आमचे घर मामांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. माझे वडील, म्हणजे नाना, पोस्टात सॉर्टर म्हणून लागून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एका घरात पाने, एका घरात पाकिटे, आणि या दोघांच्या मध्ये वाढलेला मी.

मुंबईला नोकरीत असताना मी एका फ्लाइंग क्लबात नाव घातले होते. पगाराचा मोठा हिस्सा आणि दोन वर्षांचे रविवार खर्ची घालून खासगी वैमानिकाचे लायसन पदरात पाडून घेतले. माझ्या नावावर जेमतेम अठ्ठेचाळीस तासांचे उड्डाण होते. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला वैमानिक समजत होतो. पुढे वीज मंडळात बदली होऊन मी घरी परत आलो आणि १९७४ साली आम्ही तिघांनी मिळून एक जुने विमान विकत घेतले. तिघांपैकी एक छावणीतले डॉक्टर, दुसरे मोंढ्यातले सरकीचे व्यापारी आणि तिसरा मी. तेलाच्या किमती १९७३ च्या अखेरीपासून जगभर भडकल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यात अजून ओली होती. अशा वेळी विमान घेणारे तीन इसम गावाला वेडे वाटले, यात गावाचा दोष नाही.

बघण्याचा कार्यक्रम

विमान होते गुजरातेत. मालक थकले होते, विमान पडून होते. आम्ही मामांना घेऊन बघायला गेलो. मी थेट कॉकपिटकडे धावलो. डॉक्टरांनी पंख्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. व्यापारी मालकाशी किमतीचे बोलू लागले. मामांनी मात्र विमानाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी खुर्ची मागितली, चहा मागितला आणि लॉगबुके मागितली.

वाचकहो, विमानाला लॉगबुक असते हे तुम्ही ऐकले असेल. ते म्हणजे विमानाची जन्मपत्रिका, पण थोडा फरक आहे. जन्मपत्रिकेत पुढे काय होणार ते लिहितात, आणि लॉगबुकात मागे काय झाले ते. विमान किती तास उडाले, इंजिन कधी उघडले, कोणता भाग बदलला, कोणी तपासले, कोणी सही केली, ते सारे तारीखवार. विमानाच्या सांगाड्याचे वेगळे आणि इंजिनाचे वेगळे. मामा तीन तास वाचत बसले. मधेच एखाद्या पानावर बोट ठेवून ते मालकांना विचारीत, "इथे सहा महिन्यांची खोट आहे. तेव्हा काय झाले?" मालक उत्तर देत, मामा मान हलवीत आणि पुढचे पान उलटीत. शेवटी उठून त्यांनी विमानाला एक प्रदक्षिणा घातली, पंखाच्या कापडावर अंगठ्याने दाबून पाहिले, इंजिनाचे झाकण उघडून नाक आत घातले आणि मला म्हणाले, "मुलगी सुमार आहे. पण घराणे खरे बोलणारे आहे. घेऊन टाक."

आमचे हे विमानही नावाने पुष्पकच होते. बंगलोरच्या कारखान्यात, ज्याला तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्ट म्हणत, तयार झालेले हे छोटे विमान १९५८ साली प्रथम उडाले. देशातल्या फ्लाइंग क्लबांना स्वस्तात आणि आपल्याच देशात बनलेले शिकाऊ विमान मिळावे, हा त्यामागचा हेतू. अशी दीडशेच्या वर विमाने बनली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत आपल्याकडच्या किती तरी वैमानिकांनी पहिली भरारी पुष्पकातच मारली. या विमानांच्या मागे ज्यांचे डोके होते ते डॉक्टर विष्णू माधव घाटगे हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गडहिंग्लज भागातले. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले. भारतात आराखडा करून भारतातच बांधलेले एचटी-२ हे पहिले विमान १९५१ साली आकाशात गेले तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. गडहिंग्लजच्या मातीतून गटिंगेनमार्गे आलेली ही विद्या आमच्या छावणीपर्यंत पोचली, याचा मामांना भारी अभिमान.

पुष्पक म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. पंख डोक्यावर, छत्रीसारखे. टोकापासून टोकापर्यंत सुमारे छत्तीस फूट. आत शेजारी-शेजारी दोन जागा. चार सिलिंडरचे, वाऱ्यावर थंड होणारे, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. दोन चाके पुढे आणि एक चिमुकले चाक शेपटाखाली. स्टार्टर नाही. एकाने समोर उभे राहून पंखा हाताने फिरवायचा, तेव्हा ते जागे होणार.

देवगिरीच्या खुणेवर

विमान आणायला एक अनुभवी वैमानिक सोबत घेतले होते. वाटेत एकदा पेट्रोल घेऊन आम्ही धुळ्यावर आलो आणि तिथून रेल्वेचा रूळ धरून चाळीसगावकडे निघालो. आकाशातली वाट शोधण्याची याहून सोपी रीत नाही. रूळ चुकत नाही आणि स्टेशनवर गावाचे नाव लिहिलेले असते! चाळीसगावच्या पुढे अजिंठ्याची डोंगररांग भिंतीसारखी उभी राहिली. औट्रम घाटावर उन्हाने तापलेली हवा आम्हाला सुपातल्या ज्वारीसारखी पाखडू लागली. मी दांडा घट्ट धरला. शेजारचे वैमानिक म्हणाले, "सोडा थोडा. त्याला उडता येते. तुम्ही फक्त अडवू नका."

घाट ओलांडला, कन्नड मागे पडले, वेरूळचे डोंगर डाव्या अंगाने सरकू लागले आणि मग समोर तो दिसला: देवगिरीचा सुळका. तासून काढलेल्या कड्यांचा तो किल्ला वरून असा दिसतो की, नकाशा बाजूला ठेवावा. त्याच्यापुढे छावणीची झाडे, खामेचे वळण, मकबऱ्याचे पांढरे घुमट, शहराची गर्दी आणि पलीकडे पूर्वेला चिकलठाण्याची धावपट्टी. आपले गाव आपण पायी ओळखतो, सायकलवर ओळखतो. वरून पाहिले की ते ओळखीचे असूनही परके वाटते, जसे झोपलेल्या आईचे तोंड.

उतरलो तेव्हा मामा धावपट्टीच्या कडेला उभे होते. मी अभिमानाने खाली उडी मारली. ते माझ्याकडे न येता विमानाखाली वाकले, तेलाचा एक थेंब बोटावर घेतला आणि म्हणाले, "आता शिकायला सुरुवात करू."

पुसणाऱ्याची विद्या

पहिले सहा महिने मी जितका वेळ आकाशात होतो त्याच्या दसपट विमानाखाली उताणा पडलेला होतो. मामांचा दंडकच होता: उडायचे असेल तर आधी विमान पुसायचे. "फडके हे विमानातले सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत हुशार हत्यार," असे ते म्हणत. पुसता पुसता हात विमानभर फिरतो. मग काल नसलेली भेग आज बोटाला लागते, काल कोरडा असलेला सांधा आज ओला लागतो.

कापडाची तऱ्हा तर औरच. पंखाच्या फासळ्यांना ते वाकड्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेले असते. त्यावर डोप नावाचे रोगण चढवतात. ते वाळताना कापड आक्रसते आणि ढोलकीच्या पुडीसारखे तडतडीत ताणले जाते. त्याचा वास नखांच्या रंगासारखा, डोके चढवणारा. कुठे फाटले तर ठिगळ लावायचे. ठिगळाच्या कडा दातेरी कात्रीने कापायच्या, म्हणजे धागे सुटत नाहीत. मामी एकदा डबा घेऊन विमानतळावर आल्या. आम्हाला शिवताना पाहून पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "वाकळ शिवायला एवढी मोठी मोठी पुस्तके लागतात होय?" मग त्यांनी माझा टाका उसवला आणि स्वतः घालून दाखवला. मामांनी तो टाका भिंग लावून तपासला आणि काही न बोलता माझ्याकडून पुढचे सगळे टाके तसेच घालून घेतले.

मग इंजिन. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. एक संच मेला तरी दुसऱ्यावर घरी येता यावे म्हणून. उडण्यापूर्वी इंजिनाचा वेग वाढवून आळीपाळीने एकेक मॅग्नेटो बंद करायचा. फेरे थोडे उतरले पाहिजेत, फार उतरता कामा नयेत. मी विचारले, "अजिबात उतरले नाहीत तर? ते तर उत्तमच की!" मामा म्हणाले, "ते सगळ्यांत वाईट. म्हणजे स्विच बंद करूनही मॅग्नेटो बंद होत नाही. तू निर्धास्तपणे पंख्याला हात लावशील आणि तो तुझा हात घेऊन जाईल." तेव्हापासून उभ्या विमानाच्या पंख्याजवळून मी आजही वळसा घालून जातो, मग ते विमान संग्रहालयातले का असेना.

प्लग साफ करायला बसलो की मामांची एक ठरलेली गोष्ट असे. गोष्ट १९३० ची. आगाखानांनी बक्षीस लावले होते. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट असा प्रवास एकट्याने विमानातून पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडले होते. त्यांना प्लग हवे होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला काढून दिले. अस्पी शर्यत जिंकले आणि पुढे १९६० साली भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. "शर्यत प्लगवर अडते," मामा म्हणत, "आणि प्लग आपण आज साफ करतो आहोत."

विमान उघड्यावर बांधलेले असे. दोर ओला झाला की आक्रसतो आणि पंख ओढतो, म्हणून पावसाळ्यात गाठ थोडी सैल ठेवायची. वेग मोजणारी जी बारीक नळी पंखाबाहेर असते तिच्यात कुंभारमाशी एका दिवसात मातीचे घर बांधते. मग विमान धावते, पण वेगाचा काटा जागचा हलत नाही. म्हणून नळीला टोपी घालायची, टोपीला लाल फडके बांधायचे आणि उडण्यापूर्वी ती न विसरता काढायची. इंजिनाच्या झाकणात चिमण्या काड्या आणून टाकतात, त्या रोज वेचायच्या. विमान घेतल्यावर माझे वैर झाले ते गरुडांशी नव्हे, चिमण्यांशी.

आणि उडणे? तेही नव्याने शिकावे लागले. शेपटाखाली चाक असलेले विमान जमिनीवर फार खोडकर. तिथे ते हाताने नव्हे, पायांनी चालवायचे. जरा पाय आळसावले की शेपूट पुढे यायला बघते, लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखे. माझे सुरुवातीचे उतरणे म्हणजे बेडकाचा प्रवास होता. एकदा उतरून आल्यावर मामांनी वही उघडून गंभीरपणे विचारले, "उतरण्या तीन लिहू की एकच?"

वसुबारसेची सकाळ

नानांनी दहा महिने विमानात पाय ठेवला नव्हता. "जमिनीवर आहे ते पुरे," एवढेच म्हणत. पण १९७४ च्या दिवाळीत ते आपण होऊन म्हणाले, "वसुबारसेला सकाळी नेशील का? आपले पोस्ट वरून कसे दिसते ते बघावे म्हणतो." मला आकाश ठेंगणे झाले. मामा आदल्या दिवशीच पैठणला गेले होते. संध्याकाळपर्यंत परतायचे होते. एका उड्डाणापुरते आपण समर्थ आहोत, असे मला वाटले.

पेट्रोल पिंपात भरून आणून ठेवलेले असे. विमानात भरताना ते शॅमॉय नावाच्या मऊ कातड्यातून गाळायचे, कारण त्या कातड्यातून पेट्रोल जाते, पाणी जात नाही. आदल्या संध्याकाळी ते कातडे सापडले नाही. अंधार पडत होता. मी साध्या जाळीतून भरले. सकाळी टाकीच्या तळाची तोटी सोडून थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बघायचे असते. मामांनी त्यासाठी मामींची लोणच्याची बरणी पळवून आणली होती. पेट्रोल हलके, पाणी जड; पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते. त्यात आमच्या इंजिनाच्या पेट्रोलला ओळखीसाठी लाल रंग घातलेला असे, त्यामुळे फरक आंधळ्यालाही कळावा. पण नाना कोट-टोपी घालून उभे होते. दूरवर सूर्य वर येत होता. मी तोटी उघडली, पळीभर पेट्रोल जमिनीवर जाऊ दिले आणि तोटी बंद केली. बरणी शेडमध्येच राहिली.

परवानगी मिळाली. आम्ही धावलो. शेपूट उचलले, चाके सुटली. नानांनी टोपी घट्ट धरली. शंभर फूट उंची आली असेल नसेल, इतक्यात इंजिन खोकले. एकदा, दोनदा, आणि मग गप्प झाले.

ती शांतता मला अजून ऐकू येते. वारा तेवढा तारांतून शिट्टी घालत होता. मागे धावपट्टी होती, शेड होती, माणसे होती. सारे अंग म्हणत होते की वळ, मागे फिर. हजार वेळा शिकवलेले असते की उडताच इंजिन बंद पडले तर मागे वळायचे नाही. वळताना वेग जातो आणि विमान दगडासारखे पडते. नाक खाली, आणि समोर जे असेल त्यावर उतरायचे. हाताने ते केले. माझ्या डोक्याने केले असे मी म्हणणार नाही. चिकलठाण्याची धावपट्टी प्रवासी विमानांसाठी बांधलेली, म्हणून आमच्यासारख्या चिलटाला पुढे अजून थोडी जागा होती. आपटलो, उसळलो, पुन्हा आपटलो, धावपट्टी संपली, आणि एका बाभळीच्या झुडपात डावा पंख घालून आम्ही थांबलो. चाकाचा पाय वाकला होता. पंखाच्या टोकाचे कापड हातभर फाटले होते.

नाना समोर पाहत होते. म्हणाले, "उतरलो का?"

"हो."

"पोस्ट काही दिसले नाही."

नोंद

संध्याकाळी मामा आले. त्यांनी आधी पिंप पाहिले. ते उभे होते. पावसाळ्यात पिंप आडवे ठेवायचे, हे काम माझ्याकडे होते. उभ्या पिंपाच्या काठात पावसाचे पाणी साचते. दिवसा पिंप तापते, रात्री निवते, आणि निवताना ते बुचाच्या फटीतून श्वास आत घेते. त्या श्वासाबरोबर पाणीही आत जाते. बूच घट्ट होते, म्हणून मी निश्चिंत होतो. मामांनी टाकीची तोटी सोडली. बरणीत वर लाल पेट्रोल आणि खाली दोन बोटे स्वच्छ पाणी. विमान शेपूट टेकून उभे असताना ते पाणी टाकीच्या एका कोपऱ्यात निजले होते. धावताना शेपूट उचलले आणि ते हलले.

"सकाळी तोटी सोडली होतीस?"

"सोडली होती. बघितले नाही."

"म्हणजे तू पाणी काढले नाहीस," मामा म्हणाले, "जिवावर पाणी सोडलेस. स्वतःच्या आणि नानांच्या." त्यानंतर ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. दिवाळीचे चारही दिवस.

खात्याला कळवणे, दुरुस्ती, पुन्हा तपासणी हे सारे ओघाने आलेच. प्रश्न होता लॉगबुकाचा. भागीदारांपैकी एकजण मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोटे लिहा असे मी म्हणत नाही. 'उतरताना विमान धावपट्टीबाहेर गेले, चाक व कापड दुरुस्त केले', एवढेच लिहा. यात काय खोटे आहे?" काहीच खोटे नव्हते. उद्या विमान विकायचे झाले तर 'इंधनात पाणी, वैमानिकाचा हलगर्जीपणा' हे वाचून कोण घेणार, हाही त्यांचा मुद्दा रास्त होता. पैसा तिघांचा होता. मी दोन दिवस पेन हातात धरून बसलो.

भाऊबिजेच्या रात्री नाना अंगणात येऊन शेजारी बसले. घरात त्यांनी आईला काही सांगितले नव्हते. "रजिस्टरात काय लिहिलेस?" त्यांनी विचारले.

"अजून काही नाही."

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे वहीवर शाई सांडली तर खाली लिहावे लागे: शाई सांडली. आणि सही. तीस वर्षांत मी सात वेळा लिहिले. साहेब ओरडत. पण पुढे कधी हिशेबात घोळ झाला तर म्हणत, या माणसाची वही आणा."

त्याच रात्री मी नोंद केली. पिंप उभे होते, पेट्रोल कातड्यातून गाळले नाही, बरणीत पाहिले नाही, उडताच इंजिन बंद, वैमानिकाची चूक. सही केली. लायसन नवे करण्याच्या वेळी त्या सहीबद्दल मला उत्तरे द्यावी लागली, ती दिली. दुसऱ्या दिवशी मामांनी पान वाचले, वही मिटली आणि माझ्या हातात वाकडी सुई ठेवली. पंखाच्या टोकाचे ते ठिगळ मी एकट्याने शिवले. मामींच्या टाक्याने.

विमान पुन्हा उडण्याजोगे व्हायला हिवाळा गेला. १९७५ च्या गुढीपाडव्याला मी भीतभीत नानांना विचारले. ते लगेच उठले, कोट घातला, टोपी घातली. विमानाजवळ आल्यावर मात्र दारात थांबले आणि म्हणाले, "बरणी दाखव." मी तोटी सोडून बरणी भरली. त्यांनी ती सूर्याकडे धरली, चष्मा वर-खाली करून तळ पाहिला, मामांकडे पाहिले, आणि मगच आत बसले. त्या सकाळी आम्ही छावणीवरून दोन घिरट्या घातल्या. पोस्ट दिसले. "एवढेसेच आहे होय," नाना म्हणाले, आणि पुढे देवगिरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

पाच वर्षे आम्ही ते विमान बाळगले. मग डॉक्टरांचे गुडघे, पेट्रोलचे भाव आणि माझी पुढची बदली या तिघांनी मिळून १९७९ साली ते विकायला लावले. घ्यायला एक उतारवयाचे वैमानिक आले. त्यांनीही विमानाकडे पाहिले नाही. खुर्ची मागितली, चहा मागितला आणि लॉगबुके मागितली. मी आणि मामा समोर बसलो. ते त्या पानावर आले, थांबले, दोनदा वाचले.

"हे तुम्हीच लिहिले?"

"मीच."

त्यांनी पुढची पाने जरा भरभर उलटली. किमतीत घासाघीस केली ती केलीच, आणि त्या पानाचे नाव घेऊन चांगली घसघशीत केली. भागीदारांचा मुद्दा खरा ठरला. पण संध्याकाळी पैसे मोजून झाल्यावर, जाताना ते मामांना म्हणाले, "ती बरणी विमानाबरोबर मिळेल ना?"

मामांनी ती पुसून, कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. विमान उडाले, देवगिरीच्या दिशेने लहान होत गेले, दिसेनासे झाले. आम्ही दोघे घरी परतलो तेव्हा मामी दारातच होत्या. पाच वर्षे त्यांनी त्या गोष्टीचा उच्चारही केला नव्हता.

"विमान गेले ना?" त्या म्हणाल्या. "मग आता माझी बरणी आणा. कैऱ्या आल्यात."